चौऱ्याऐंशीचा आकडा

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला आकड्यांचा एक सूक्ष्म अहंकार जडतो. आकडा डोळ्यांपुढे आला की त्याचा अर्थही आपल्याला कळलाच, असे त्याला वाटू लागते. मलाही तसे वाटत असे. तो अहंकार चोवीस चमच्या-काट्यांनी उतरविला, त्याची ही हकीकत. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी सराफी पेढीचा वारसा आहे. कस, टंच, तेजाब हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेले आहेत. त्यांच्यासमोर चांदीविषयी लिहिणे हे धाडसच आहे. परंतु चूक माझी असल्यामुळे ती सांगण्याचा अधिकारही माझाच आहे.

निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली होती. कोल्हापुरातील माझा एक बालमित्र अकाली गेला. भुसार मालाचा त्याचा व्यापार होता. तो पुढे चालविणारे कोणी नव्हते. वर्षभराने वहिनींचा निरोप आला म्हणून मी घरी गेलो. धाकट्या मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि फीची रक्कम उभी करायची होती. वहिनींनी कपाटातून एक लाकडी पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. आत निळ्या मखमलीवर बारा चमचे आणि बारा काटे ओळीने मांडलेले होते. संस्थाने विलीन झाल्यानंतर कुठल्याशा वाड्यातील सामानाचा लिलाव झाला, त्यात मित्राच्या आजोबांनी ही पेटी घेतली होती. झाकणाच्या आतल्या बाजूस सोनेरी अक्षरांत पॅरिसचे नाव होते.

"भाऊजी, ही चांदी आहे का? आणि असली तर किती?" वहिनींनी विचारले.

मी एक चमचा उलटा केला. दांड्याच्या मागे दोन बारीक शिक्के होते. एकात काही चित्र होते, ते मला नीट दिसले नाही आणि दिसावे असेही वाटले नाही; कारण दुसऱ्या शिक्क्यात स्वच्छ आकडा होता : ८४. सोनेतारणाच्या कामात ९१६चा आकडा मी हजारदा पाहिला होता. ८४ म्हणजे ८४ टंच, हे मी क्षणात ठरविले. शेजारच्या दुकानातून काटा आणविला. चोवीस नगांचे वजन दोन किलो भरले. दोन किलोचे ८४ टक्के म्हणजे एक किलो ६८० ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवसाच्या भावाने मी कागदावर हिशेब मांडला आणि सवयीने खाली सहीदेखील केली.

पंधरा दिवसांनी आम्ही पेटी घेऊन गुजरीत गेलो. सराफ जुने, मितभाषी. त्यांनी चमच्याच्या दांड्याला आतल्या बाजूने कानस लावली, त्या खाचेवर शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब सोडला. थेंब हिरवा झाला. त्यांनी दुसरा चमचा घेतला, मग एक काटा. तिन्ही थेंब हिरवे. "साहेब, ही जर्मन सिल्व्हर. वरून चांदीचं पाणी आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी असली तरी त्या धातूत ती नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण. हे मला ठाऊक होते. ठाऊक असून उपयोग झाला नव्हता.

वहिनींचा भाऊ फीची रक्कम द्यायला आधीच तयार होता. घरात चांदी असताना हात कशाला पसरायचा, म्हणून माझ्या कागदाच्या भरवशावर त्यांनी त्याला नको म्हणून कळविले होते. आता त्यांना त्याच्याकडेच जावे लागणार होते. परतताना रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बँकेतले. म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही." स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मी माझ्याकडून रक्कम पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे पॅरिसला दोन महिने राहण्याचा योग आला. शहराच्या उत्तर सीमेला सेंट-उआँ येथे जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. एका रविवारी मुलगी मला तेथे घेऊन गेली. एका दुकानात वयस्क बाई चांदीच्या वस्तू मांडून बसल्या होत्या, गळ्यात दोऱ्याने अडकविलेले भिंग. मी कागदावर ८४ लिहून त्यांच्यापुढे धरले आणि मुलीकरवी विचारले, चमच्यावर असा आकडा असेल तर त्याचा अर्थ काय?

त्यांनी कागद पाहून लगेच उत्तर दिले : "चौऱ्याऐंशी ग्रॅम. बारा चमचे आणि बारा काटे मिळून."

म्हणजे तो आकडा शुद्धतेचा नव्हताच. चोवीस नगांवर मिळून किती चांदी चढविली आहे, याची ती कारखानदाराची प्रामाणिक नोंद होती. एका नगावर साडेतीन ग्रॅम. मी एक किलो ६८० ग्रॅम चांदी सांगितली होती. होती ती ८४ ग्रॅम, तीही पेटी नवी असताना. बरोबर वीसपट. रशियाच्या जुन्या चांदीवरही ८४चा आकडा आढळतो, आणि तेथे मात्र तो शुद्धतेचाच असतो. परंतु तो शंभरातला नसून ९६ भागांतला, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. एकच आकडा एका देशात वजन सांगतो, दुसऱ्या देशात कस; आणि मी त्याचा जो अर्थ लावला तो या दोहोंपैकी कोणताच नव्हता.

त्या बाईंनी पुढे जे सांगितले ते मला अधिक लागले. "आकडा शेवटी वाचायचा असतो. आधी चौकट पाहायची." त्यांनी दोन चमचे भिंगाखाली शेजारी शेजारी धरले. एकावर कारागिराची आद्याक्षरे शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत होती, दुसऱ्यावर चौकोनात. फ्रान्समध्ये घडणावळ करणाऱ्याचा शिक्का शंकरपाळीच्या आकारात असेल तर वस्तू चांदीची; चौकोनात असेल तर मुलाम्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कायद्यानेच हा भेद ठरवून दिला आहे. अक्षरे वाचता आली नाहीत तरी चालते, भाषा येत नसली तरी चालते. नुसत्या आकाराने खरेखोटे वेगळे होते.

पुढचे काही आठवडे मी त्याच विषयाच्या मागे लागलो. मुलगी कामावर गेली की मी संग्रहालयांत जाऊन काचेआडची भांडी पाही आणि संध्याकाळी तिच्याकडून पुस्तकांतील उतारे समजून घेई. जे हाती आले ते पाहून माझ्यातील बँकवाला थक्क झाला.

फ्रान्समध्ये चांदीवर शहराचा शिक्का उमटविण्याचा हुकूम राजा तिसरा फिलिप याने १२७५ मध्ये काढला. पुढे त्या पद्धतीत भर पडत गेली आणि चौदाव्या लुईच्या काळी, १६७२ नंतर, एका भांड्यावर मुख्यतः चार शिक्के उमटू लागले. हे चार शिक्के चार वेगळ्या हातांनी नसले तरी तीन वेगळ्या हितसंबंधांनी मारलेले असत, आणि सारी मेख तेथेच आहे.

पहिला शिक्का कारागिराचा. त्यात वर मुकुट आणि लिलीचे फूल, खाली त्याची आद्याक्षरे, त्याची निवडलेली एखादी खूण, आणि दोन बारीक ठिपके. ते ठिपके मला फार आवडले. त्या काळी शुद्ध चांदी बारा देनिये मानीत आणि एका देनियेचे चोवीस ग्रेन करीत. म्हणजे एकूण २८८ ग्रेन. भांड्याची चांदी अकरा देनिये बारा ग्रेन, म्हणजे २७६ ग्रेनची असावी असा नियम होता. आजच्या भाषेत सुमारे ९५८. परंतु भट्टीत थोडे इकडे तिकडे होणारच, म्हणून दोन ग्रेनची सूट दिलेली होती. ती सूट लपविलेली नव्हती. दोन ठिपक्यांच्या रूपाने प्रत्येक कारागिराच्या शिक्क्यातच ती जाहीर केलेली होती. व्यापारात तूट येते, हे आपण सारे जाणतो. ती आधीच सांगून ठेवावी, ही रीत मात्र विरळा.

दुसरा शिक्का कराच्या मक्तेदाराचा. भांडे अजून ओबडधोबड असतानाच तो मारला जाई. पॅरिससाठी मुकुट असलेले ए हे अक्षर, रुआँसाठी बी, लियोंसाठी डी. अर्थ असा की या मालावर कर देणे लागू झाले आहे. आपल्या भाषेत, रक्कम नावे पडली. तिसरा शिक्का कारागिरांच्या संघाच्या पंचाचा. तो भांड्याची चांदी प्रत्यक्ष तपासून मगच मारला जाई, आणि त्यातील अक्षर दरवर्षी बदले. आज आपण त्या अक्षरावरून भांड्याचे वर्ष काढतो. परंतु मूळ हेतू इतिहासकारांची सोय करण्याचा नव्हता. कोणत्या वर्षीच्या पंचाने खोटी चांदी खरी म्हणून सोडली, हे उद्या शोधता यावे, यासाठी ते अक्षर होते. बँकेत प्रत्येक अधिकाऱ्याच्या सहीला क्रमांक असतो, तो याच कारणासाठी. चौथा शिक्का अगदी चिमुकला; भांडे पूर्ण झाल्यावर, कर भरल्यावर मक्तेदार तो मारी. नोंद जमा झाली, खाते मिटले.

कारागिराला चांदी वाचवायची, पंचाला संघाची अब्रू राखायची, मक्तेदाराला कर हवा. तिघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास नाही, आणि म्हणूनच ग्राहकाचा तिघांवर मिळून विश्वास बसे. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून सही करायची, हे तत्त्व मी छत्तीस वर्षे नव्या कारकुनांना शिकविले. वहिनींच्या घरी मात्र मोजणारा मी, तपासणारा मी आणि सही करणाराही मीच होतो.

ही शिस्त असूनही त्या काळची चांदी आज फार थोडी उरली आहे, कारण राजांनीच ती वितळविली. व्हर्सायच्या महालात चौदाव्या लुईने भरीव चांदीची मेजे, दीपस्तंभ, कुंड्या घडवून घेतल्या होत्या. युद्धाचा खर्च भागविण्यासाठी १६८९ मध्ये त्याने हे सारे टांकसाळीत पाठविले. १७०९ मध्ये आणि पुढे पंधराव्या लुईच्या काळी १७५९ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अडचणीच्या काळी घरातील चांदी मोडणे, हे राजवाड्यालाही चुकले नाही.

राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये कारागिरांचे संघ बरखास्त झाले आणि त्यांच्याबरोबर जुनी तपासणीही कोलमडली. नवी पद्धत ९ नोव्हेंबर १७९७च्या कायद्याने आली. संघाच्या जागी सरकारी तपासणी कार्यालये आली, कारागिराला शंकरपाळीचा आकार मिळाला, आणि चांदीचे दोन दर्जे ठरले : पहिला हजारी ९५०, दुसरा ८००. ध्यानात घ्यावे की इंग्रजांची स्टर्लिंग चांदी ९२५ची. फ्रान्सचा पहिला दर्जा तिच्याहून वरचा. राजाच्या मुकुटाची जागा १७९८ पासून कोंबड्याने घेतली, १८१९ पासून एका वृद्धाच्या मस्तकाने, आणि १८३८ मध्ये शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचे मुख आले. मिनर्व्हा ही रोमन लोकांची विद्येची आणि हस्तकलांची देवता. तिच्या कपाळासमोर १ असेल तर चांदी ९५०ची. हनुवटीखाली २ असेल तर ८००ची. जुन्या फ्रेंच चांदीत सर्वांत अधिक भेटते ती हीच. जिथे तिचे मुख मावणार नाही अशा लहान वस्तूंवर पॅरिसमध्ये रानडुकराचे डोके आणि बाहेरच्या प्रांतांत खेकडा उमटवीत. परदेशी पाठवायच्या मालावर मात्र मर्क्युरीचे मुख असे. तो व्यापाराचा देव. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात माणिकबाग महालासाठी पॅरिसच्या झां प्युइफोर्का यांची चांदी मागविली होती. असा थोडाफार माल आपल्या देशातील घरांतही पोहोचला आहे, म्हणून हे शिक्के ओळखून ठेवलेले बरे.

शिक्का आला की खोटा शिक्काही येतोच. खऱ्या लहान वस्तूवरील शिक्क्याचा तुकडा कापून तो मोठ्या, हलक्या चांदीच्या भांड्यात झाळून बसविणे, ही जुनी युक्ती. तिच्यावरचा साधा उपाय त्या दुकानदार बाईंनी मला करून दाखविला. शिक्क्याभोवती तोंडाची वाफ सोडायची. झाळ असेल तर त्या धुक्यात तिची रेघ उमटते. सरकारने याहून चतुर उपाय १८१९ पासून योजला. ज्या ऐरणीवर वस्तू ठेवून शिक्का मारायचा, त्या ऐरणीच्या पृष्ठावरच अतिसूक्ष्म किडे कोरले. वरून हातोडा पडला की वर देवीचे मुख उमटे आणि त्याच क्षणी खालच्या बाजूस किड्यांची नक्षी. एकाच घावात दोन साक्षी. वरचा शिक्का जसाच्या तसा कोरणारा ठक मिळेल. ती ऐरण कोरणारा मिळणे कठीण.

परंतु या साऱ्या शिक्क्यांत माझ्या मनात घर केले ते दोन प्राण्यांनी. बाहेरून फ्रान्समध्ये आलेल्या चांदीचे काय करायचे, हा प्रश्न होता. ज्या देशांशी करार होता, त्यांच्या मालावर सोंडा उमटवू लागले. तोच, जो आपल्या धान्यात पडतो. आणि जिचे मूळच ठाऊक नाही, जी कुणाच्या माळ्यावरून निघून लिलावात आली, तिच्यावर राजहंस. राजहंसाचा अर्थ असा : ही वस्तू कुणी घडविली, केव्हा घडविली, कुठून आली, हे आम्ही सांगत नाही, मात्र आम्ही ती तपासली आहे आणि ती किमान ८००ची आहे.

आपल्याकडे राजहंस दूध आणि पाणी वेगळे करतो. फ्रान्सचा राजहंसही तेच करतो. ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले तो वेगळे ठेवतो. एका सरकारी शिक्क्यात "मूळ ठाऊक नाही" असे म्हणण्याची सोय असावी, याचे मला फार नवल वाटले. माझ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत ती सोय मी कधी ठेवली नव्हती. वहिनींनी विचारले त्या दिवशी "मला सांगता येत नाही, आपण सराफाकडून तपासून घेऊ" एवढे एक वाक्य पुरे होते.

आपल्या देशात सोन्याचे हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झाले, चांदीचे २००५ मध्ये; दागिन्यांच्या सोन्यावर ते २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि प्रत्येक दागिन्यावर सहा अंकाक्षरांची स्वतंत्र ओळख आली. ही मोठीच सोय आहे. परंतु आपल्या कपाटांत, आजीच्या पेट्यांत जे आहे ते बहुतेक त्याआधीचे. तेथे शिक्का वाचणारा डोळा आणि तपासणारा हात, दोन्ही लागतात. मोडीला काढण्यापूर्वी, वाटणी करण्यापूर्वी, तारण ठेवण्यापूर्वी दोन ठिकाणी दाखवून घ्यावे. सांगणारा कितीही शिकलेला आणि घरचा असला तरी.

परत आल्यावर मी एक भिंग घेऊन वहिनींकडे गेलो. पेटी त्यांनी मोडीत घातली नव्हती; खाच पडलेले ते तीन नगही जागच्या जागी होते. मी पहिला चमचा भिंगाखाली धरला. ८४च्या शेजारी, ज्या शिक्क्याकडे मी तेव्हा नीट पाहिलेही नव्हते, तो स्वच्छ चौकोन होता. पॅरिसच्या त्या कारखानदाराने काहीही लपविले नव्हते. वस्तू मुलाम्याची आहे हे त्याने आकाराने सांगितले होते आणि मुलामा किती हे आकड्याने. खोटे जे काही होते ते माझ्या सहीच्या कागदावर.

मी वहिनींना सारे समजावून सांगितले आणि त्या कागदाबद्दल, इतक्या वर्षांनी, क्षमा मागितली. त्यांनी चमचा हातात घेऊन भिंगातून तो चौकोन पाहिला, मग काटा पाहिला, मग पुन्हा चमचा. मुलगा आता नोकरीला लागला होता. मामाची रक्कम त्याने पहिल्या दीड वर्षातच फेडली होती, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले.

"म्हणजे विकण्याजोगे नाहीत," त्या म्हणाल्या, "वापरण्याजोगे आहेत."

त्यांनी चमचे धुऊन आणले आणि त्यांतल्याच एकाने मला वाटीतून श्रीखंड वाढले. आता कुणी जुनी वस्तू घेऊन माझ्याकडे आले की मी आधी भिंग काढतो. जे दिसते ते सांगतो, जे दिसत नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगतो, आणि कागदावर सही करीत नाही.